ओव्हरलँडरच्या सांडपाण्याच्या टाक्या: आधी उंची मोजा, गॅलन नंतर

वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. टेक्सासमधल्या चौघांच्या कुटुंबाने १९७२ ची एअरस्ट्रीम ओव्हरलँडर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायची राहती गाडी, घेतली आहे. २७ फुटी, दोन अ‍ॅक्सलची, न्हाणीघर मागच्या टोकाला. मैल्याची म्हणजे ब्लॅक टाकी तडकलेली आहे. आंघोळीचं आणि सिंकचं पाणी साठवायला ग्रे टाकी मुळात नाहीच. तुमचं म्हणणं, दोन्हीकडे बसतील तेवढ्या मोठ्या टाक्या घालायच्या. किती गॅलनच्या बसतील? आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात जाता येईल का?

पहिली गोष्ट, तुमची ग्रे टाकी आधीच्या मालकाने काढून टाकलेली नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक एअरस्ट्रीमना ती नसायचीच. आंघोळीचं पाणी सरळ पाइपातून बाहेर, एक तर कॅम्पच्या गटारात, नाही तर जमिनीवर. त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आता राष्ट्रीय उद्यानांत गाडीतलं कुठलंही सांडपाणी ठरवून दिलेल्या जागेखेरीज सोडायला केंद्रीय नियमानेच बंदी आहे, आणि बहुतेक सरकारी व खासगी कॅम्पही ते चालवून घेत नाहीत. तेव्हा ग्रे टाकी घालायचीच, यात दुमत नाही.

पण 'किती गॅलन' हा प्रश्न शेवटी येतो. या गाड्या दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, आणि माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक आधी टाकीचं कॅटलॉग दाखवतं. अडचण टाकीची नसते. मजला आणि पोटाचा पत्रा (गाडीचा तळ झाकणारा) यांच्यामध्ये उंची किती उरते आणि भरलेल्या टाकीचं वजन अ‍ॅक्सलच्या पुढे पडतं की मागे, या दोन गोष्टी ठरल्या की गॅलन आपोआप ठरतात.

उंचीचं गणित मांडून दाखवतो. चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन आडव्या पट्ट्यांमधल्या खणात समजा ४८ इंच लांब, २२ इंच रुंद टाकी बसते आणि खोली मिळते साडेचार इंच. गुणाकार ४७५२ घनइंच. एका अमेरिकन गॅलनला २३१ घनइंच लागतात, म्हणजे साडेवीस गॅलन. याच टाकीची खोली इंचभर वाढली किंवा घटली की साडेचार गॅलन इकडचे तिकडे होतात. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात टाकी किती भरू शकते ते न्हाणीची मोरी ठरवते.

कारण साऱ्या गाडीत पाण्याचं सर्वांत खालचं तोंड म्हणजे मोरीची जाळी. टाकी भरली की पाणी तिथूनच वर येतं, आणि येताना स्वयंपाकाच्या सिंकचंही घेऊन येतं. नेहमीचा वाकडा ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारा पाइपाचा बाक, लावला, तर त्याचं बाहेरचं तोंडच मजल्याच्या खाली दोन-अडीच इंचांवर जातं. तिथून टाकीपर्यंत पाइपाला फुटामागे पाव इंच ढाळ हवा. टाकी तिथून आठ फूट दूर असेल तर दोन इंच ढाळात गेले. अडीच अधिक दोन, साडेचार. संपली टाकी! पाइप तिच्या तळाशी जाऊन मिळेल. तरीही ती भरेल, पण भरताना पाइपही तुंबून उभा राहील, मोरी सावकाश ओसरेल आणि साबणाचा गाळ पाइपातच बसेल. वर गाडी कधी अगदी सपाट उभी नसते. ४८ इंच लांबीला एक अंश कल म्हणजे पाऊण इंचाहून जास्त फरक. उथळ टाकीला एवढाही पुरतो.

म्हणून काही मागवण्याआधी एक काम करा. गाडी पाणपातळी लावून चारी बाजूंनी सपाट करा. जिथे मोरीची जाळी येणार तिथे मजल्याला एक भोक पाडा आणि खालच्या बाजूने टाकीच्या जागेपर्यंत दोरी ताणा, फुटाला पाव इंच ढाळ देऊन. दोरी टाकीच्या जागी मजल्याच्या किती खाली येते ते मोजा. हा एक आकडा साऱ्या कॅटलॉगपेक्षा जास्त सांगून जातो. मग पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची खोटी टाकी करून ती खणात सरकवून बघा. अ‍ॅक्सलची बैठक, गॅसची नळी, ब्रेकची वायर, पायरीची चौकट यांतलं काही ना काही आडवं येतंच.

आकडा वाईट आला तर तीन वाटा आहेत. न्हाणीची बैठक तीन-चार इंच उचलायची. उंच माणसाचं डोकं छताला लागणार नाही ना, एवढं बघायचं. वाकड्या ट्रॅपऐवजी बिनपाण्याचा आडवा व्हॉल्व्ह लावायचा. हेपवो नावाने मिळतो, आत सिलिकॉनची जीभ असते, पाणी गेलं की ती मिटते. त्यात उंची वाचते आणि प्रवासात ट्रॅपमधलं पाणी हिंदकळून वास येण्याची भानगडही राहत नाही. तिसरी वाट मला सर्वांत पटते: टाक्या दोन करायच्या. स्वयंपाकाचं सिंक ओट्याच्या उंचीवर असतं, त्याला ढाळाची ददात नाही. त्याचं पाणी गाडीच्या मध्यावरच्या, अ‍ॅक्सलजवळच्या मोठ्या टाकीत न्या. न्हाणीसाठी न्हाणीच्याच शेजारी एक उथळ, लहान टाकी ठेवा. बेसिन दोहोंपैकी जिकडे सोयीचं तिकडे.

आता वजन. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड, म्हणजे ३६ गॅलनची टाकी भरली की ३०० पौंड, साधारण १३६ किलो. समजा ही टाकी तुम्ही अ‍ॅक्सलच्या मागे आठ फुटांवर टांगली आणि हिच, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला जोडायचा सांधा, अ‍ॅक्सलच्या पुढे सोळा फुटांवर आहे. तरफेच्या हिशोबाने हिचवरचा भार १५० पौंडांनी कमी होतो. गाडीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा, हा नेहमीचा नियम. तुमची गाडी सामानासकट ६,००० पौंड आणि हिचवर ६५० असेल, तर टाकी भरल्यावर ६,३०० ला ५०० उरले. आठ टक्केसुद्धा नाहीत. शेजारून मोठा ट्रक गेला की मागची गाडी शेपटी हलवू लागते ती अशा वेळी.

यातली गोम अशी, की पाणी वापरलं म्हणून नाहीसं होत नाही. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत पिण्याच्या पाण्याची टाकी पुढच्या सोफ्याखाली असते. कॅम्पवर दोन दिवस राहिलात की तेच पाणी पुढच्या टाकीतून मागच्या टाकीत गेलेलं असतं. पुढचं हलकं, मागचं जड, म्हणजे दुहेरी नुकसान. तेव्हा मागची ग्रे टाकी लहान ठेवा, निघताना ती रिकामी करूनच निघा, आणि मजला उघडलाच आहे तर पिण्याच्या पाण्याची टाकीही अ‍ॅक्सलच्या जवळ आणता येते का ते बघा. टाक्या बसवल्यावर गाडी काट्यावर न्या. एकदा साऱ्या टाक्या रिकाम्या, एकदा सांडपाण्याच्या भरलेल्या. अंदाज नको.

अ‍ॅक्सलही याच हिशोबात येतात. एअरस्ट्रीमने १९६१ पासून रबराच्या पिळावर चालणारे अ‍ॅक्सल लावले. १९७२ च्या गाडीतलं रबर मूळचंच असेल तर ते कधीच दगड झालं आहे. गाडी रिकामी असताना चाकाचा हात खाली झुकलेला दिसायला हवा. तो आडवा किंवा वर वळलेला दिसला तर अ‍ॅक्सल संपले. नवे मागवताना क्षमता टाक्यांच्या वजनासकट सांगा, मागाहून बदलता येत नाही.

त्याआधी मागचा बंपर तपासा. सत्तरच्या दशकातल्या लांब, मागे न्हाणीघर असलेल्या एअरस्ट्रीमचा हा जुना रोग आहे. मागच्या सांध्यातून पाणी झिरपतं, मजल्याचं प्लाय कुजतं आणि अ‍ॅल्युमिनियमचं कवच चासीपासून सुटतं. बंपरवर उभं राहून अंग उचलून दाबा, दुसऱ्या माणसाला बंपर आणि कवच यांच्यातली फट बघायला सांगा. फट उघडझाप करत असेल तर टाकीचा विषय बाजूला ठेवा. कुजलेल्या मजल्याखाली नवी टाकी टांगण्यात अर्थ नाही. आणि कुणी कितीही सांगितलं तरी टाकी बसावी म्हणून चासीची आडवी पट्टी सरळ कापू नका. हलवायचीच असेल तर आधी नवी वेल्ड करून घ्या, मग जुनी काढा.

ब्लॅक टाकीबद्दल तुम्ही दुरुस्ती की नवी, असं विचारलंत. ते टाकी कशाची आहे यावर अवलंबून आहे. कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी अ‍ॅसिटोनचा बोळा लावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते एबीएस प्लास्टिक. ते त्याच प्लास्टिकच्या लगद्याने सांधता येतं. पॉलिएथिलीनवर अ‍ॅसिटोनचा काही परिणाम होत नाही आणि त्याला नेहमीचा गोंद धरत नाही, ते वेल्डच करावं लागतं. बारीक चीर आणि ती वरच्या बाजूला असेल तर मी दुरुस्ती करतो. तळाला किंवा कमोडच्या फ्लँजखाली (कमोड जिथे जोडतात त्या कड्याखाली) चीर असेल तर नवी टाकी, कारण तिथे दर धक्क्याला ताण येतो.

आकार ठरवताना घरच्या सवयी मोजा, हे अमेरिकन पुस्तकं सांगत नाहीत. आपल्याकडे शौचाला पाणी वापरतात. तांब्या असो वा हँड शॉवर, ब्लॅक टाकी इतरांपेक्षा लवकर भरते. एका अर्थी ते चांगलंच. घट्ट मैला टाकीत बसून राहण्याचं कारण नेहमी कमी पाणी हेच असतं. पण हल्ली जो तो सुचवतो त्या कोरड्या कंपोस्ट टॉयलेटचा विचार करत असाल तर आधी घरात बोलून घ्या. त्यात लघवी वेगळी काढून मैला कोरडा ठेवायचा असतो, धुण्याचं पाणी आत गेलं की सगळा चिखल होतो. घरातले चौघेही कागदावर भागवायला तयार असतील तर उत्तम, ब्लॅक टाकीची जागा ग्रेला मिळेल. नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

ग्रेचंही तसंच. मिनिटाला दोन गॅलनचा शॉवर पाच मिनिटं चालू ठेवला की दहा गॅलन, चौघांचे चाळीस. अंग ओलं करून बंद, साबण लावून पुन्हा चालू, असं केलं तर माणशी तीनेक गॅलनमध्ये भागतं. तुमच्या जागी मी मध्यावर ३० च्या आसपास, न्हाणीला १५ ते २०, ब्लॅक २० च्या आसपास धरीन. पण दोरीने निघालेला आकडा काही वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

नवी टाकी पॉलिएथिलीनची घ्या, पाव इंचाहून पातळ नको. जोडाची तोंडं कारखान्यातच वेल्ड करून घ्या, त्यासाठी प्रत्येक तोंडाचं माप कडेपासून लिहून नकाशा पाठवा. घरी भोक पाडून रबराची गॅस्केट बसवता येते, पण ती वरच्या बाजूला, व्हेंटसाठी, म्हणजे टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपासाठी. जिथे पाणी सतत उभं राहणार तिथे नको. टाकी पट्ट्यांवर लोंबकळत ठेवू नका, भरली की दोन पट्ट्यांमध्ये पोट सुटतं आणि जोड निखळतो. खाली लोखंडी अँगलची चौकट आणि पूर्ण तळाला आधार देणारा पत्रा हवा. लोखंड आणि पोटाचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा एकमेकांना थेट टेकू देऊ नका, मध्ये रंग आणि टेप. नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. ती तुम्हाला जुना पत्रा काढताना दिसेलच.

व्हेंटकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग वर्षभर वासाचं मूळ शोधत बसतात. प्रत्येक टाकीला छतावर जाणारा व्हेंट हवा. सिंकखाली लावतात तो हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह सिंकच्या ट्रॅपपुरता ठीक आहे, टाकीच्या व्हेंटची जागा तो घेऊ शकत नाही. तो हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. व्हेंटचा पाइप टाकीच्या छताशीच संपला पाहिजे. तो आत चार इंच घुसला, तर टाकी अर्धी भरताच त्याचं तोंड पाण्यात बुडतं आणि वायूला एकच वाट उरते, ती तुमच्या कमोडमधून. सगळं नीट असूनही वास आला तर छताचा पंखा बघा. तो चालू ठेवून कमोडची झडप उघडली की टाकीतली हवा गाडीत ओढली जाते.

व्हॉल्व्ह ब्लॅकला तीन इंची, ग्रेला दीड किंवा दोन इंची. सगळ्यांचे पाइप व्हॉल्व्हच्या पुढे एकाच तोंडात आणा, म्हणजे आधी ब्लॅक सोडून मागून ग्रेने नळी धुता येते. व्हॉल्व्ह हाताला लागेल असा ठेवा. लांब केबलने ओढायचे व्हॉल्व्ह काही वर्षांत अडकतात, आणि ते अडकतात तेव्हा टाकी हमखास भरलेली असते. कॅम्पवर गटाराची नळी जोडलेली असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि कमोडखाली ढीग साचून वाळतो.

पातळी दाखवणारे जुने खिळ्यांचे सेन्सर नवीन टाकीत घालू नका. डाळीचं पाणी आणि फोडणीचं तेल ग्रे टाकीत गेलं की आठवडाभरात खिळ्यांवर साय धरते आणि टाकी कायम भरलेली दिसते. बाहेरून चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या प्लास्टिकमधून पातळी ओळखतात. तेलकट ताटं आधी कागदाने पुसून मग धुवा. ग्रेचा वास ब्लॅकपेक्षा वाईट असतो, कारण खरकटं.

पोटाचा पत्रा काढण्याआधीची एक सूचना मनावर घ्या. जुन्या फायबरग्लासच्या थरात उंदरांची घरटी असणारच, आणि अमेरिकेत उंदरांच्या लेंड्यांतून हंटाव्हायरस होऊ शकतो. झाडू किंवा व्हॅक्यूम मारू नका. एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे आणि चांगला मास्क घालून कागदाने उचला. वाळलेल्या ब्लॅक टाकीलाही हेच हातमोजे आणि हाच मास्क.

बसवून झालं की पत्रा लगेच लावू नका. सगळे व्हॉल्व्ह बंद करून टाक्या काठोकाठ भरा, मोरीतून पाणी दिसेपर्यंत. रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल कागद दाखवतो. मग अर्ध्या भरलेल्या टाक्यांनी गाडी खडबडीत रस्त्यावर जरा फिरवून आणा आणि पुन्हा टिश्यू फिरवा. टाकीखालचा पत्रा रिव्हेटने न ठोकता स्क्रूने लावा.

राहिली थँक्सगिव्हिंगची सहल. मापं, नकाशा, कारखान्यातून टाक्या येणं, मजला, वेल्डिंग हे सगळं धरलं तर या सुट्टीपर्यंत घाई होईल, आणि घाईत नेमकी पाण्याची चाचणी गाळली जाते. यंदा गाडी आहे तशीच न्या. ब्लॅकचा पाइप टोपण लावून बंद करा, कमोडवर 'वापरू नका' असा कागद चिकटवा, आत कॅसेटवालं, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करता येणारं, सुटं टॉयलेट ठेवा. ग्रेच्या बाहेरच्या तोंडाला चाकांची हातटाकी जोडा. बघून घ्या, गाडीचं हे तोंड जमिनीच्या फार जवळ असेल तर उंच हातटाकीत पाणी उतरणार नाही, चपटी घ्यावी लागेल. १५ गॅलनची हातटाकी भरली की सव्वाशे पौंड होते, तेव्हा ती उचलायला जाऊ नका, अर्धी भरली की ओढत डंप स्टेशनला, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी, न्या. आणि त्या चार दिवसांत दर वेळी ती किती भरली ते लिहून ठेवा. परत आलात की तो कागद आणि दोरीचं माप दोन्ही पाठवा, टाक्यांची मापं आपण त्यावरून काढू.